औद्योगिक ऑटोमेशनचा टेक्निशियन घडवताना: मोफत शैक्षणिक साधने कोणत्या क्रमाने वापरावीत

चाकण, रांजणगाव, वाळूज किंवा सातपूरच्या कोणत्याही मध्यम आकाराच्या कारखान्यात आज कन्व्हेयर, पॅकिंग यंत्र आणि प्रेस पीएलसीवर, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमेबल छोट्या संगणकावर, चालतात. अशा ठिकाणी मेंटेनन्स विभागातल्या टेक्निशियनला रोज नवा प्रोग्रॅम लिहावा लागत नाही. रात्रपाळीत लाइन थांबली की दोष सेन्सरमध्ये आहे, वायरमध्ये आहे, पीएलसीच्या इनपुटमध्ये आहे की मोटरमध्ये, हे त्याला पुराव्यानिशी आणि लवकर सांगावे लागते. हे काम शिकवणारी साधने आज मुबलक आहेत आणि त्यांतली बरीचशी मोफत आहेत. मात्र ती वेगवेगळ्या हेतूंनी आणि वेगवेगळ्या पातळीच्या वाचकांसाठी तयार झालेली असल्यामुळे, आयटीआयचा विद्यार्थी ती हाती येतील तशी पाहू लागला तर महिनोन्महिने व्हिडिओ पाहूनही पॅनेलसमोर उभा राहिल्यावर अडतो. म्हणून या लेखात साधनांच्या यादीपेक्षा त्यांच्या क्रमाला अधिक जागा दिली आहे. इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक किंवा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक ट्रेडचे विद्यार्थी, डिप्लोमाचे विद्यार्थी आणि त्यांना शिकवणारे शिल्पनिदेशक हे सर्व या लेखाचे वाचक आहेत.

पहिली पायरी: ट्रेडचा पाया निमीच्या पुस्तकांवरून पक्का करणे

चेन्नईची राष्ट्रीय अनुदेशात्मक माध्यम संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘निमी’, ही १९८६ मध्ये जर्मनीच्या साहाय्याने सुरू झाली आणि आयटीआयच्या ट्रेडसाठी थिअरी व प्रॅक्टिकल अशी स्वतंत्र पुस्तके तयार करते. प्रशिक्षण महासंचालनालयाच्या भारत स्किल्स या पोर्टलवर ट्रेड निवडला की अभ्यासक्रम, ई-पुस्तके आणि प्रश्नसंच मोफत मिळतात. प्रमुख ट्रेडची काही पुस्तके मराठीतही आहेत. ही पुस्तके केवळ परीक्षेपुरती वापरली जातात, याची मला मनापासून खंत वाटते, कारण प्रॅक्टिकलच्या पुस्तकातला प्रत्येक सराव कृती, आकृती आणि लागणारे साहित्य या क्रमाने मांडलेला असतो आणि तो बाकावर तसाच्या तसा करता येतो.

ऑटोमेशनकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याने इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या दुसऱ्या वर्षातला कंट्रोल पॅनेलची मांडणी व वायरिंग आणि एसी-डीसी ड्राइव्ह (मोटरचा वेग नियंत्रित करणारी उपकरणे) हा भाग विशेष लक्ष देऊन करावा. कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले, टायमर, एनओ-एनसी संपर्क (एनओ म्हणजे एरवी उघडा, एनसी म्हणजे एरवी जोडलेला), होल्डिंग (बटण सोडल्यावरही सर्किट चालू ठेवणारी जोडणी) आणि इंटरलॉक (दोन कॉन्टॅक्टर एकाच वेळी ओढले जाऊ न देणारी जोडणी) या गोष्टी इथेच पक्क्या व्हाव्या लागतात, कारण पीएलसीची लॅडर भाषा (शिडीसारख्या आकृतीत प्रोग्रॅम लिहिण्याची पद्धत) मुळात रिलेच्या आकृतीवरूनच आलेली आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जनरल मोटर्सच्या कारखान्यात रिलेंनी भरलेली पॅनेले मॉडेल बदलले की पुन्हा वायर करावी लागत, तो खर्च टाळण्यासाठी डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोडिकॉन ०८४ हे यंत्र बनवले. जुन्या इलेक्ट्रिशियनला नवीन भाषा शिकावी लागू नये म्हणून त्यांनी पडद्यावरची मांडणी रिलेच्या आकृतीसारखीच ठेवली.

ही पायरी पूर्ण झाली की नाही हे ठरवण्याची कसोटी सोपी आहे. कोऱ्या कागदावर, पुस्तक न पाहता, मोटर पुढे-मागे फिरवणाऱ्या स्टार्टरचा कंट्रोल सर्किट इंटरलॉकसह काढता आला पाहिजे आणि त्यानुसार वायरिंग करून तो चालवून दाखवता आला पाहिजे. हे जमत नसेल तर पुढे जाऊ नये.

दुसरी पायरी: २४ व्होल्टचा सरावाचा फळा

साधनांच्या चर्चेत बहुतेक वेळा फक्त संगणकावरच्या गोष्टी येतात, पण टेक्निशियनच्या शिक्षणातले सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे प्लायवूडच्या फळ्यावर स्वतः बांधलेला छोटा पॅनेल. त्यासाठी २४ व्होल्ट डीसीचा एसएमपीएस (२३० व्होल्ट एसीवरून डीसी देणारा पॉवर सप्लाय), एक एमसीबी (जादा करंट आल्यास आपोआप पडणारा स्विच), काच-फ्यूज असलेला टर्मिनल ब्लॉक, हिरवे एनओ आणि लाल एनसी पुश बटण, मश्रूम डोक्याचे इमर्जन्सी बटण, दोन-तीन २४ व्होल्टचे रिले, इंडिकेटर दिवे आणि एक इंडक्टिव्ह प्रॉक्झिमिटी सेन्सर एवढे पुरते. शहरांतल्या इलेक्ट्रिकल बाजारात आणि भंगारात निघालेल्या पॅनेलमध्ये यातले बरेच सामान स्वस्तात मिळते. एसएमपीएसच्या २३० व्होल्टच्या बाजूला झाकण लावलेले असले पाहिजे आणि ती जोडणी जाणकाराकडून तपासून घेतली पाहिजे. त्यानंतरचा सगळा सराव २४ व्होल्टवर होत असल्यामुळे नवशिक्याला निर्धास्तपणे चुका करता येतात.

वायर कापून, फेरूल (वायरच्या टोकावर बसवायची धातूची नळी) दाबून, प्रत्येक टोकाला क्रमांक लावूनच जोडणी करावी. हे वेळखाऊ वाटते, परंतु कारखान्यातल्या पॅनेलमध्ये दोष शोधताना वायरवरचा क्रमांक आणि आकृतीतला क्रमांक जुळवणे हीच निम्मी मेहनत असते, आणि ती सवय हातालाच लागावी लागते.

या फळ्यावर करायचा पहिला महत्त्वाचा सराव म्हणजे तीन वायरचा सेन्सर ओळखणे. तपकिरी वायर अधिक २४ व्होल्टला, निळी शून्य व्होल्टला आणि काळी वायर आउटपुटची, एवढे सर्वांना पाठ असते. पण सेन्सर पीएनपी (चालू झाल्यावर आउटपुटवर अधिक २४ व्होल्ट देणारा) आहे की एनपीएन (आउटपुट शून्य व्होल्टला जोडणारा), हे लेबल पुसले गेल्यावर मल्टिमीटरने सांगता आले पाहिजे. काळी आणि निळी यांच्यामध्ये लोड म्हणून एक रिले जोडावा आणि सेन्सरसमोर लोखंडी पट्टी आणावी. काळी ते निळी सुमारे २४ व्होल्ट मिळाले आणि रिले ओढला गेला तर सेन्सर पीएनपी आहे. तसे न होता, लोड तपकिरी आणि काळी यांच्यामध्ये घेतल्यावरच रिले ओढला गेला तर तो एनपीएन आहे. चुकीच्या जातीचा सेन्सर बसवल्यामुळे लाइन बंद राहणे ही प्रत्यक्षात वारंवार घडणारी गोष्ट आहे, कारण दोन्हींवरचा दिवा लोखंड समोर येताच सारखाच लागतो आणि पाहणाऱ्याला सेन्सर ठीक असल्याचे वाटते.

तिसरी पायरी: एकच पीएलसी, एकच सॉफ्टवेअर

सीमेन्स, ॲलन-ब्रॅडली, मित्सुबिशी, डेल्टा अशी नावे ऐकून विद्यार्थी सगळेच थोडेथोडे शिकू पाहतात. माझा आग्रह असा की पहिले सहा महिने एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरवर राहावे. पीएलसीच्या भाषांसाठी आयईसी ६११३१-३ हे आंतरराष्ट्रीय मानक १९९३ पासून आहे. त्यात लॅडर, फंक्शन ब्लॉक, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट, सिक्वेन्शियल फंक्शन चार्ट आणि इन्स्ट्रक्शन लिस्ट या पाच भाषा सांगितल्या होत्या, पैकी शेवटची २०१३ च्या आवृत्तीतच कालबाह्य ठरवली गेली. मूळ कल्पना सर्वत्र त्याच असल्यामुळे एका ठिकाणी नीट शिकलेला मुलगा दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर लवकर रुळतो.

पैसे न खर्चता सुरुवात करायची असेल तर कोडेसिस हे सॉफ्टवेअर विंडोजच्या संगणकावर मोफत उतरवता येते आणि त्यातल्या सिम्युलेशनमध्ये पीएलसी नसतानाही प्रोग्रॅम चालवून पाहता येतो. हातात खरा पीएलसी घ्यायचा असेल तर डेल्टाच्या डीव्हीपी मालिकेतले छोटे मॉडेल सोयीचे आहे, कारण त्याचे डब्ल्यूपीएलसॉफ्ट मोफत मिळते आणि त्यातही सिम्युलेटर आहे. सीमेन्सच्या टीआयए पोर्टलची २१ दिवसांची चाचणी आवृत्ती मिळते. ती मर्यादित असली, तरी शिक्षणसंस्थांसाठी सीमेन्सने ‘एससीई’ या कार्यक्रमातून तयार केलेली पायरीपायरीची प्रशिक्षण-पत्रके विनामूल्य उतरवता येतात, आणि एस७-१२०० या पीएलसीवर शिकवणाऱ्या निदेशकाने ती जरूर घ्यावीत. ओपनपीएलसी हा मुक्त प्रकल्प आर्डुइनो किंवा रास्पबेरी पाय यांच्यावर चालतो. संस्थेत पीएलसी एकच आणि विद्यार्थी वीस असतील तर तो चांगला आधार आहे.

इथे एक सराव तपशिलाने सांगतो, कारण लॅडरचा खरा अर्थ कळण्यासाठी याहून चांगला सराव मला माहीत नाही. स्टार्ट-स्टॉपचा साधा प्रोग्रॅम घ्यावा. फळ्यावर स्टॉप बटण एनसी जोडलेले आहे, म्हणजे कोणी बटण दाबलेले नसताना इनपुटवर २४ व्होल्ट येतात आणि पीएलसीच्या दृष्टीने ते इनपुट १ असते. रिलेच्या आकृतीची सवय झालेला विद्यार्थी लॅडरमध्येही स्टॉपसाठी एनसी संपर्क काढतो, आणि मोटर सुरूच होत नाही. प्रोग्रॅममधला संपर्क बटणाची जात दाखवत नाही, इनपुट १ आहे की ० आहे एवढेच विचारतो, हे समजले की तिथे एनओ संपर्क का हवा हे आपोआप उलगडते. मग विद्यार्थ्याने मोटरच्या जागी जोडलेला दिवा सुरू करून स्टॉप बटणाची वायर टर्मिनलमधून उपसून काढावी. दिवा तत्काळ विझतो. स्टॉप बटण एनओ जोडून आणि प्रोग्रॅममध्ये त्यासाठी एनसी संपर्क ठेवून तोच प्रयोग केला तर वायर निघाली तरी दिवा चालूच राहतो आणि आता स्टॉप दाबूनही तो थांबत नाही. तुटलेली वायर यंत्र थांबवणारी हवी, चालू ठेवणारी नको, हा सुरक्षेचा नियम असा डोळ्यांनी पाहिला की तो व्याख्यानाने सांगावा लागत नाही. इमर्जन्सी बटण मात्र सरावापुरतेच साध्या पीएलसीच्या इनपुटला द्यावे. खऱ्या यंत्रावर ते सेफ्टी रिले किंवा सेफ्टी पीएलसीमधून स्वतंत्रपणे जाते, हेही त्याच दिवशी सांगावे.

त्यानंतर टायमर, काउंटर आणि सिक्वेन्स अशा क्रमाने जावे. एकाच आउटपुटची कॉइल दोन ठिकाणी लिहिली तर शेवटची ओळ जिंकते, हा घोटाळा मुद्दाम करून पाहावा. पीएलसी आधी इनपुट वाचतो, मग प्रोग्रॅम वरून खाली सोडवतो आणि शेवटी आउटपुट बदलतो, हे स्कॅनचे चक्र त्यातून नेमके कळते.

व्हिडिओ आणि आभासी प्रयोगशाळा यांचा उपयोग

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले धडे सुमारे दहा मिनिटांचे असतात आणि त्यांपैकी अनेक मराठीत ध्वनिमुद्रित आहेत. आर्डुइनो, लिनक्स, पायथन यांसारखे विषय त्यात आहेत. पडद्याच्या एका बाजूला धडा आणि दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर उघडे ठेवून, प्रत्येक कृतीनंतर धडा थांबवून ती स्वतः करायची, अशी या धड्यांची रचनाच आहे. ती पाळली नाही तर धड्यांचा फारसा फायदा होत नाही. आर्डुइनो सेन्सर आणि तर्क समजण्यासाठी उत्तम आहे, मात्र त्याचा बोर्ड पाच व्होल्टचा आहे आणि २४ व्होल्टची वायर थेट लावली तर तो जळतो, एवढे ध्यानात ठेवावे.

एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटींच्या व्याख्यानांच्या मोफत संकेतस्थळावर, आयआयटी खरगपूरच्या प्रा. सिद्धार्थ मुखोपाध्याय यांची औद्योगिक ऑटोमेशन आणि नियंत्रण या विषयावरची व्याख्यानमाला आहे. ती इंग्रजीत आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी असल्यामुळे आयटीआयच्या विद्यार्थ्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहण्याचा हट्ट धरू नये. सेन्सर, पीएलसी आणि ड्राइव्ह यांवरची व्याख्याने फळ्यावरचा सराव झाल्यानंतर पाहावीत. डिप्लोमाच्या विद्यार्थ्याने मात्र गणितासह पूर्ण मालिका करावी. केंद्र सरकारच्या व्हर्च्युअल लॅब्ज प्रकल्पातले प्रयोग उपकरण महाग असेल किंवा धोकादायक असेल तेव्हा कामी येतात. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेच्या ई-कुंभ पोर्टलवर डिप्लोमा आणि पदवीच्या पहिल्या वर्षांची मराठी पुस्तकेही आहेत, आणि मूलभूत इलेक्ट्रिकलची संकल्पना इंग्रजीत अडली तर ती तिथे वाचून घेणे श्रेयस्कर.

अ‍ॅनालॉग सिग्नल, ड्राइव्ह आणि मॉडबस

चालू-बंद सिग्नलवर हात बसल्यावर ४ ते २० मिलिअँपिअरच्या सिग्नलचा, म्हणजे मोजल्या जाणाऱ्या मापाप्रमाणे कमी-जास्त होणाऱ्या करंटचा, अभ्यास घ्यावा. ० ते १० बारचा प्रेशर ट्रान्समीटर असेल तर ४ मिलिअँपिअर म्हणजे शून्य बार, १२ म्हणजे ५ बार आणि २० म्हणजे १० बार. मीटरवर ७.२ दिसले तर त्यातून ४ वजा करून १६ ने भागायचे आणि १० ने गुणायचे, म्हणजे २ बार. शून्याऐवजी ४ पासून सुरुवात का, याचे उत्तर दोषशोधात आहे: दाब शून्य असेल तर ४ मिलिअँपिअर येतात आणि वायर तुटली तर ० येतो, त्यामुळे दोन्ही स्थिती वेगळ्या ओळखता येतात. या विषयावर टोनी कुफाल्ट यांचे औद्योगिक इन्स्ट्रुमेंटेशनवरचे इंग्रजी पुस्तक मुक्त परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध आहे. ते प्रचंड मोठे आहे, पण त्यातली लूपची आणि दोषशोधाची प्रकरणे निदेशकांनी वाचून मराठीत समजावून सांगण्यासारखी आहेत.

व्हीएफडी, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून एसी मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, शिकताना उत्पादकाचे मॅन्युअल हेच पाठ्यपुस्तक मानावे. मोटरच्या नेमप्लेटवरचा करंट, व्होल्टेज, ५० हर्ट्झची बेस फ्रिक्वेन्सी आणि वेग वाढण्या-कमी होण्याचा वेळ एवढे पॅरामीटर आधी समजून घ्यावेत. दोन नियमांना मात्र अपवाद नाही. सप्लाय बंद केल्यावरही ड्राइव्हच्या आतले कपॅसिटर भारित राहतात, म्हणून मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबून आणि डीसी बसवरचे व्होल्टेज मोजूनच हात घालावा. तसेच मोटरचे इन्शुलेशन मेगरने (जास्त व्होल्टेज देऊन इन्शुलेशन तपासणाऱ्या मीटरने) तपासण्यापूर्वी मोटर ड्राइव्हपासून सोडवावी, नाहीतर मेगरचे व्होल्टेज ड्राइव्हचा आउटपुट भाग जाळते. ४१५ व्होल्टच्या पॅनेलवरचा कोणताही सराव निदेशक समोर असतानाच आणि आयसोलेटरला कुलूप व नावाचा टॅग लावूनच करायचा.

मॉडबस आरटीयू, म्हणजे उपकरणांनी एकमेकांना माहिती पाठवण्याची एक पद्धत, शिकण्यासाठी एखादा स्वस्त एनर्जी मीटर आणि यूएसबी ते आरएस-४८५ कन्व्हर्टर पुरतो. बॉड रेट, पॅरिटी, स्लेव्ह क्रमांक यांतले एक जरी जुळले नाही तरी उत्तर येत नाही. मॅन्युअलमधला रजिस्टर ४०००१ प्रत्यक्ष संदेशात पत्ता ० म्हणून जातो, या एका अंकाच्या फरकाने अनेकांचे दिवस वाया गेले आहेत.

दोषशोधाचा सराव: ज्यावर सर्वाधिक वेळ द्यावा

कोणत्याही पोर्टलवर तयार मिळत नाही आणि निदेशकालाच निर्माण करावे लागते असे साधन म्हणजे मुद्दाम घातलेले दोष. चालू असलेल्या फळ्यात विद्यार्थी नसताना एक दोष करून ठेवावा. फेरूल तांब्याऐवजी इन्शुलेशनवर दाबावा, म्हणजे वायर वरून घट्ट दिसते पण संपर्क नसतो. काच-फ्यूज जळालेला बसवावा. पीएनपीच्या जागी एनपीएन सेन्सर लावावा. दोन एसएमपीएस असतील तर त्यांच्या शून्य व्होल्टची जोडणी काढून घ्यावी. डेल्टाच्या पीएलसीवर इनपुटचा सामाईक एस/एस टर्मिनल शून्याऐवजी २४ व्होल्टला जोडावा, म्हणजे पीएनपी सेन्सरचा एकही सिग्नल आत जात नाही.

विद्यार्थ्याला फक्त लक्षण सांगावे: ‘सायकल सुरू होत नाही.’ त्याने हाताला लागेल तो भाग बदलून पाहायचा नाही. आधी पीएलसीवरचे इनपुटचे दिवे पाहायचे. सेन्सरचा दिवा लागतो आणि इनपुटचा लागत नाही, तर दोष त्या दोघांच्या मध्ये आहे, आणि प्रोग्रॅम उघडण्याची गरजच नाही. मग त्या मार्गाच्या मधल्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजायचे, म्हणजे एका मापनात शोधाचे क्षेत्र निम्मे होते. इनपुट ठीक असेल तर सॉफ्टवेअर ऑनलाइन जोडून कोणता संपर्क अडला आहे ते पाहायचे, आणि आउटपुटचा दिवा लागूनही कॉन्टॅक्टर ओढत नसेल तर पुढची बाजू तपासायची.

प्रत्येक दोषानंतर एक पान लिहून घ्यावे. लक्षण काय होते, पहिला अंदाज काय होता, कुठे काय मोजले आणि किती आले, कारण काय निघाले आणि तो पुन्हा होऊ नये म्हणून काय केले, हे त्यात मराठीत स्पष्ट वाक्यांत यावे. ‘वायर लूज होती’ एवढे पुरेसे नाही. कोणत्या क्रमांकाची वायर, कोणत्या टर्मिनलवर, हेही हवे. वर्षभराची अशी पाने एकत्र केली की संस्थेकडे स्वतःचे दोषशोधाचे पुस्तक तयार होते, आणि पुढच्या तुकडीसाठी ते कोणत्याही विकतच्या पुस्तकापेक्षा उपयोगी ठरते.

याच पानांबरोबर इंग्रजी मॅन्युअल वाचण्याची तयारीही करून घ्यावी. पूर्ण मॅन्युअल वाचायला देण्याऐवजी एरर कोडचा तक्ता, टर्मिनलची आकृती आणि धोक्याच्या सूचना एवढाच भाग द्यावा. दर आठवड्याला एका एरर कोडचे कारण आणि उपाय विद्यार्थ्याने वर्गापुढे मराठीत सांगावा. इंग्रजी बोलता न येणारी मुलेही या पद्धतीने काही महिन्यांत मॅन्युअलमधून हवे ते शोधू लागतात.

संस्था, प्रमाणपत्र आणि शिकाऊ उमेदवारी

एवढी तयारी झाल्यावर औपचारिक प्रशिक्षणाचा प्रश्न येतो. आयटीआयमध्ये प्रवेश घेणाऱ्यांसाठी टेक्निशियन मेकॅट्रॉनिक्स, इंडस्ट्रियल रोबोटिक्स अँड डिजिटल मॅन्युफॅक्चरिंग टेक्निशियन, मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल असे नवे ट्रेड आले आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्या संस्थेत ते प्रत्यक्ष चालतात, आणि यंत्रसामग्री नुसती बसवलेली आहे की वापरात आहे, हे स्वतः जाऊन पाहावे. छत्रपती संभाजीनगरची इंडो-जर्मन टूल रूम ही केंद्राच्या लघुउद्योग मंत्रालयाची संस्था असून मेकॅट्रॉनिक्स आणि टूलिंगमधले अभ्यासक्रम चालवते. शिकवण्याची आवड असणाऱ्यांसाठी मुंबईतील राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी एक वर्षाचा शिल्पनिदेशक प्रशिक्षण अभ्यासक्रम आहे.

खासगी क्लासची फी भरण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात: एका पीएलसीमागे किती विद्यार्थी असतात, वायरिंग विद्यार्थी स्वतः करतात की तयार किटवर बटणे दाबतात, खरा ड्राइव्ह आणि मोटर आहे का, आणि दोषशोधाचा सराव किती तास आहे. एक दिवस बसून पाहू न देणाऱ्या क्लासमध्ये पैसे गुंतवू नयेत.

शिकाऊ उमेदवारीसाठी केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करावी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून केंद्र सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के, दरमहा कमाल १,५०० रुपयांपर्यंतचा वाटा उचलते. अर्ज करताना विद्यावेतनाच्या आकड्याइतकेच लक्ष कोणत्या विभागात काम मिळणार याकडे द्यावे. उत्पादनाच्या लाइनवर वर्षभर एकाच यंत्रात भाग घालत बसलेला उमेदवार आणि मेंटेनन्समध्ये ब्रेकडाउनच्या मागे धावलेला उमेदवार यांच्या हाती प्रमाणपत्र सारखेच येते, पण पुढच्या मुलाखतीत पॅनेलचे दार उघडून प्रश्न विचारला जातो तेव्हा दोघांतला फरक लगेच दिसतो. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी नेमका विभाग कोणता, पर्यवेक्षक कोण आणि पाळी कोणती, हे विचारून घ्यावे, मुलाखतीला जाताना दोषशोधाच्या पानांची वही सोबत न्यावी आणि मेंटेनन्स विभागच का हवा हे ती पाने दाखवून सांगावे.